न वाकता पाया पडणं

"पाया पडाले मी नाही म्हणतच नाही, आजी. मी फक्त वाकत नाही."

"वाकल्याबिगर पाया कसं पडते व बाई? पाठीत लोखंडाची सब्बल बसवली काय?"

सोयरीक इथं येऊन अडकली. झरीकडच्या इंदूबाईची लेक निकिता नेर गावच्या पाहुण्यांना पसंत, पोरगा निकिताला पसंत, पोहेही संपले. पण पोराची आजी बाजेवरून पाय खाली सोडून बसलेली अन् इंदूबाई तिच्यापुढं खांबासारखी उभी. आजीनं सांगून टाकलं, "पाया पडल्याबिगर सोयरीक नाही."

झालं होतं असं. मागच्या हंगामात इंदूबाई वाकून कापूस वेचत होती, तं वाघानं मागून येऊन खांदा धरला. नवरा नानाजी अन् शेजारची गंगी बोंबलत धावले, तेव्हा सोडून गेला. खांदा भरून आला, पण वाघ वाकलेल्यावरच येते हे डोक्यात बसलं ते उठेना. झाडणी तिनं बांबूला बांधली. चूल ओट्यावर चढवली. कोंबडीनं बाजेखाली अंडं घातलं तं ते कोंबडीचंच.

नानाजीची तऱ्हा निराळी. खट्ट वाजलं की तो घरातल्या कापसाच्या गंजीत उडी मारे. गंगीला तं काहीच झालं नाही. चार महिने हसली, जेवली, अन् एक दिवस दूध उतू गेलं म्हणून जे रडू लागली, ते दुसऱ्या दिवशी थांबली. दवाखान्यातल्या बाईनं समजावलं की भीती प्रत्येकाच्या अंगात वेगळी मुरते, अन् निघायलाही आपला आपला वेळ घेते.

"म्हणजे वाघ एक अन् बिमाऱ्या तीन," नानाजी म्हणाला.

हे सारं निकितानं आजीला सांगितलं. आजी काही विरघळली नाही.

"वाघाचं वाघापाशी. मी असे पाय सोडून बसू तरी किती वेळ?"

"मंग तुम्हीच वर चढा ना, आजी!" म्हणत निकितानं आतून टेबल ओढून आणला.

टेबलावर लोखंडी पेटी, पेटीवर आजी उभी. पोराच्या बापानं तिचा एक हात धरला, पोरानं दुसरा. डोकं छताच्या पत्र्याला लागलं. इंदूबाई ताठच्या ताठ पुढं आली, मान तेवढी झुकवली अन् कपाळ थेट आजीच्या पावलांवर टेकवलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली अन् नानाजी कापसात. नुसते तळपाय बाहेर. पाहुण्यांनी काही दिसलंच नाही असं करून छताकडं पाह्यलं.

आजीचं लक्ष खाली, आपल्या पायांकडं. "आजकालचे लोकं घुटन्याले बोट लावून पळतात. या बाईनं कपाळ टेकवलं! सोयरीक पक्की. आता उतरवा रे मले, पत्रा तापून राह्यला."

पाहुण्यांना निरोप द्यायला नानाजीला पाय धरून ओढून काढावं लागलं. गाडी फाट्याकडं वळली तशी इंदूबाईनं कमरेला कापूस वेचायची ओटी बांधली. वावरात ती अन् गंगी एकाच ओळीत शिरल्या. वरची बोंडं इंदूबाईची, बुडची गंगीची.

"बुडचीच जास्त आहेत व," गंगी कुरकुरली.

"मंग पोरीच्या लग्नात दोन लाडू जास्त खाजो," इंदूबाई म्हणाली, अन् पुढच्या झाडाला हात घातला.