कॅलेंडरच्या मागच्या बाजूचा अभ्यास

मला भांडता येतं, पण मुद्देसूद भांडता येत नाही, असं आमच्या घरातलं जुनं मत आहे. मला त्याचा राग यायचा, कारण ते खरं होतं.

लग्नात अर्धवट सुटलेलं बी.ए. मी चोपन्नाव्या वर्षी बाहेरून पूर्ण करायला घेतलं. घर घाटकोपरला, वन रूम किचन, आणि सासूबाईंचा टीव्ही सकाळी सातला सुरू होतो तो झोपेपर्यंत. म्हणून मी आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेत जाऊन बसायला लागले. अभ्यासिका म्हणजे तळमजल्यावर लिफ्टच्या मागची एक खोली. चार लांब टेबलं, दोन पंखे, त्यातला एक फिरतो. बाकी सगळी विशीतली मुलं. पहिल्या दिवशी एका मुलीने विचारलं, "काकू, कोणाला शोधताय?" मी म्हटलं, "रिकामी खुर्ची." नवरा आणि सासूबाई सोडून हा उद्योग मी कुणाला सांगितला नव्हता. नापास झाले असते तर बिल्डिंगभर झालं असतं ना!

माझी अभ्यासाची पद्धत शाळेतलीच. पुस्तक सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचं, मुद्द्यांना आकडे घालायचे आणि पाठ करायचे. ती मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहायची, नर्सिंग करत होती. आठवडाभर बघून ती म्हणाली, "काकू, पुस्तक परत का लिहिताय? छापलंय ना ऑलरेडी!" मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच माझी वही ओढली आणि विचारलं, "राज्यपालांचे अधिकार. चौथा सांगा." मी पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्यावर अडकले, पुन्हा पहिल्यापासून. आठचा पाढा म्हणताना आठ सत्ते किती, हे कळायला आठ एके आठपासून निघावं लागतं, तसं माझं सगळंच होतं.

तिने कागदाच्या मधोमध 'राज्यपाल' लिहून गोल केला. त्यातून फांद्या काढल्या, प्रत्येक फांदीवर एकच शब्द, फांदीला आणखी फांद्या. म्हणे माइंड मॅप.

"हे काय कोळ्याचं जाळं?"

"तसंच समजा. कोळी कुठूनही कुठेही जातो की नाही?"

खरं सांगते, मला ते पोरखेळ वाटलं. पण घरी गेल्यावर भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं आणि पानांच्या मागच्या बाजूला चार रंगांची पेनं घेऊन बसले. महिन्याभरात बारा पानं भरली. पहिल्या वर्षाचे सगळे पेपर सुटले. सगळे!

आणि निकाल लागला त्याच महिन्यात नोटीस बोर्डावर कागद लागला. सर्वसाधारण सभेत ठराव येणार होता, अभ्यासिका बंद करून तिथे ऑनलाइन मागवलेली पार्सलं ठेवायची. माझी वाट लागली. खोली गेली की माझं दुसरं वर्ष गेलं. त्या नर्सिंगवालीच्या घरात तर सहा माणसं.

बोलायला तर हवं होतं, पण आदल्या वर्षीची सभा आठवत होती. पाण्याच्या टाकीवर बोलताना कुणीतरी मला मध्येच तोडलं, मी पुन्हा पहिल्या मुद्द्यापासून सुरू केलं, आणि सेक्रेटरी म्हणाले, "वहिनींची कॅसेट रिवाइंड झाली!" सगळे हसले. मी रडकुंडीला येऊन खाली बसले होते.

या वेळी मी कॅलेंडरचं उरलेलं तेरावं, कव्हरचं पान घेतलं आणि मधोमध 'खोली' लिहिलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी कागद उघडून उभी राहिले. दुसऱ्याच वाक्याला सेक्रेटरींनी तोडलं. "ते असू द्या वहिनी, बाहेरची पोरं येऊन बसतात त्याचं काय?"

खाली डावीकडे, लाल फांदी. "ही अभ्यासिकेची नोंदवही बघा. एक नाव बाहेरचं दाखवा."

"आणि गोंगाट?" खजिनदार म्हणाले.

वर, निळी फांदी. "खोलीच्या बरोब्बर वर राहणारे काका इथेच बसलेत. त्यांना विचारा." काका उठून म्हणाले, "मला आजवर आवाज आला नाही. पोरं बोलतात कुठे? मोबाइलमध्येच असतात." सभा हसली, पण मला नाही.

"मग पार्सलं काय डोक्यावर ठेवायची?" सेक्रेटरी चिडले.

उजवीकडे, हिरवी. "जिन्याखाली मोडक्या सायकली पडल्यात. त्या हलवा, चार रॅक बसतात. मी टेप लावून मोजलंय."

कुठूनही विचारा, उत्तर तयार! मला इतकी मजा यायला लागली की कुणीतरी अजून तोडावं असं वाटत होतं. कुणी तोडेना. मग उरलेली एक फांदी मी स्वतःच घेतली. तिच्यावर 'मी' एवढंच लिहिलं होतं, आणि ती वाचावी की नाही हे तोवर ठरलं नव्हतं. म्हटलं, "मी त्या खोलीत बसून बी.ए.चं पहिलं वर्ष पास झालेय. मला अजून दोन वर्षं ती खोली हवी आहे." या वेळी वाक्य पूर्ण झालं.

नवरा सगळ्यात मागे बसला होता. पहिली टाळी त्याची होती. ठरावाच्या बाजूने तीन हात वर गेले. विरोधात मोजता मोजता सेक्रेटरींनीच मोजणं सोडून दिलं.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. "वहिनी, पटापट बोललात, मिनिट्समध्ये काय लिहू? तो कागदच जोडू का?"

"जोडा की."

"खाली सही लागेल."

मी सही केली. आणि सहीखाली, कुणी विचारलं नसताना, ठळक अक्षरात लिहिलं: बी.ए., द्वितीय वर्ष.