आडाच्या तळाचं ऊन

बहात्तर सालच्या जानेवारीत मी मिरजगावच्या हायस्कुलात आठवीला विज्ञान आणि गणित शिकवत होते. वय तेवीस. नगरमध्ये वाढलेली, वडील शिक्षक, आजोबा शिक्षक. घरात शिकवणं म्हणजे बोलणं आणि शिकणं म्हणजे गप्प बसून ऐकणं, असाच समज होता. माझा वर्गही तसाच गप्प असे आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी धडा सूर्याचा होता. मी पुस्तकातलं वाक्य वाचलं, की दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो. पुढचं वाक्य वाचणार तेवढ्यात मुलींच्या शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला. ही मुलगी गावाबाहेरच्या वस्तीवरून चालत यायची. शेतकऱ्याची लेक, वहीला खाकी कागदाचं कव्हर, बोलणं जवळजवळ नाहीच.

“बाई, एक इचारू का?”

“विचार.”

“सूर्य रोज डोक्यावर येतो, तर आमच्या आडाच्या तळाला रोज ऊन का जात न्हाई? फकस्त उन्हाळ्यात जातं. आता बघितलं तर आत निस्ता अंधार हाय.”

वर्ग हसला. मी म्हणाले, “तुमचा आड खोल असेल. बस खाली.” ती बसली. पण बसताना तिच्या तोंडावर जे दिसलं ते मला आवडलं नाही. राग नव्हता त्यात, रडूही नव्हतं. आपल्याला काही मिळणार नव्हतंच, अशी समजूत होती.

मधल्या सुट्टीत मी पटांगणात उभी राहिले. बारा वाजून गेलेले. माझी सावली पायाशी गोळा झालेली असायला हवी होती, पण ती उत्तरेला चांगली छातीएवढी लांब पडली होती. मी पदवी घेतलेली बाई, जन्मभर दुपारी उन्हातून चालले होते, आणि ही सावली मी कधी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि म्हणाले, “काल हिनं विचारलं त्याचं उत्तर मला येत नाही. पुस्तकातलं वाक्य तपासून बघावं लागेल.” वर्ग हसला नाही. उलट अशी शांतता झाली, की ती माझ्या नेहमीच्या शांततेपेक्षा वेगळी आहे, हे मला तेव्हाच कळलं.

गवंड्याकडून ओळंबा आणला आणि मीटरभर लांबीची लोखंडी सळई पटांगणात सरळ उभी रोवली. रोज बाराच्या ठोक्याला सावली मोजून वहीत लिहायची, असं ठरलं. तिसऱ्याच दिवशी ती मुलगी म्हणाली, “बाई, बाराला सावली सगळ्यात बारकी नसतीच. नंतर अजून बारीक हुती.”

“घड्याळ पुढं असेल,” मी म्हणाले. रेडिओवर घड्याळ लावून घेतलं. तरीही सावली सर्वांत आखूड व्हायची ती साडेबारा उलटून गेल्यावर. मग मी नकाशा काढला. साऱ्या देशाचं घड्याळ आपल्यापेक्षा पुष्कळ पूर्वेकडच्या एका रेषेवर लावलंय, आपली खरी दुपार त्यानंतर होते, हे मी त्यांना सांगितलं. हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. मिरजगावच्या मातीत ते डोळ्यांनी दिसेल असं कधी वाटलं नव्हतं. एक मुलगा म्हणाला, “म्हंजी आपली दुपार निराळीच हाय की!” आणि सगळी पोरं पटांगणाकडे अशी बघायला लागली, जणू ते कुणी नवीन आणून ठेवलंय.

त्यानंतर वर्गात प्रश्न थांबेनात. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. कोट, काळी टोपी, शिस्तीचे पण मनाने वाईट नसलेले गृहस्थ. “बाई, अभ्यासक्रम मागे पडतोय. पोरं आता मलाही उलट विचारतात.”

“काय विचारतात?”

“पाण्याच्या टाकीला गोल आकार का देतात.” त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “मला सांगता आलं नाही.”

मी सळईचं काम चालू ठेवायची परवानगी मागितली, त्यांनी दिली नाही आणि नाकारलीही नाही.

जानेवारीत जवळजवळ दोन हात असलेली सळईची सावली मार्चअखेर वितीएवढी आणि एप्रिलच्या शेवटी चार बोटांची झाली. शाळेला सुट्टी लागली. मी नगरला जाणार होते, पण थांबले. सात-आठ मुलं रोज दुपारी यायची. मेच्या मध्यावर ती मुलगी म्हणाली, “उद्या आमच्याकडं या. सळईपशी बाकीचे थांबतील. आपण आड बघू.”

वस्तीवर गेले तेव्हा तिची आई आडाच्या काठाशीच उभी होती. आड जुना, दगडी, जेमतेम चार हात रुंद आणि डोकं गरगरेल इतका खोल. पाणी तळाशी थोडंच उरलं होतं. बारा वाजले तेव्हा उजेडाचा एक कवडसा पश्चिमेच्या दगडांवर होता. मग तो खाली उतरू लागला. एकेक दगड उजळत, ओल्या शेवाळावरून, फटीतल्या पारव्याच्या घरट्यावरून. आम्ही तिघी काठाला ओणवून उभ्या होतो. साडेबाराच्या सुमाराला तो पाण्याला टेकला, पसरला, आणि मग एका क्षणी सगळा तळ एकदम पेटल्यासारखा झाला. कुठल्याच बाजूला सावली उरली नाही. पाण्याचा तो गोल तुकडा इतका लखलखला, की त्याचा उजेड खालून वर आमच्या तोंडावर आला. मी मागे सरले आणि पायाशी पाहिलं. माझी सावली नव्हती. म्हणजे होती, पण माझ्याच पावलांखाली.

दोन-तीन मिनिटांत पूर्वेकडचे दगड उजळू लागले.

तिची आई हळूच म्हणाली, “लगीन होऊन आले तवापासनं बघती मी ह्ये. दरसाल. पर का हुतं, ते कुनी इचारलं न्हाई. मीबी न्हाई.”

शाळेतून मुलं धावत आली. “बाई, सावली गेली! सळईला सावलीच न्हाई!”

खरं नवल पुढेच होतं. दोन दिवसांनी सावली परत आली ती दक्षिणेला. सूर्य आमच्या डोक्यावरून उत्तरेला ओलांडून गेला होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती सावली वाढायची थांबली. त्या मुलीनं त्या थांबण्याचा मधला दिवस धरला, मेमध्ये सावली गेली त्या दिवसापासून तिथवरचे दिवस मोजले, तेवढेच पुढे टाकले आणि जुलैअखेरच्या एका तारखेवर बोट ठेवलं. “ह्या दिवशी परत सावली जाईल.” मी तिला हे शिकवलं नव्हतं.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. जुलै सरत आला तरी आभाळ कोरडं ठाक. मोठी माणसं ढगाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. त्या दिवशी शाळेत येताना ती म्हणाली, “बाई, आज ढग आले अन् सावली बघाया मिळाली न्हाई, तरी चालंल मला.” ढग आले नाहीत. सगळी शाळा सळईभोवती गोल उभी राहिली. सावली आखूड होत होत सळईच्या बुडात शिरली आणि नाहीशी झाली. मुख्याध्यापक गुडघ्यांवर बसले, त्यांनी सळईभोवतीची माती हातानं चाचपून पाहिली आणि त्या मुलीला विचारलं, “तुला कसं गं कळलं?”

मोठ्या माणसानं मुलाला खराखुरा प्रश्न विचारलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. ती मॅट्रिक झाली, लग्न होऊन सोलापूरच्या बाजूला गेली, एवढं कानावर आलं. बऱ्याच वर्षांनी तिचं पोस्टकार्ड आलं. लिहिलं होतं, “इथे मेमध्ये सावली मिरजगावपेक्षा चार दिवस आधी जाते. माझी चूक असेल म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा पाहिलं, तरी तसंच. शेजारच्या पोरी आता रोज येतात. कारण मला बहुतेक सापडलंय, पण तुम्ही सांगू नका.”

मी सांगितलं नाही. उत्तराच्या पत्रात फक्त एवढंच विचारलं, की त्या पोरी काय काय विचारतात.