दाराजवळची खुर्ची

रविवारी दुपारी जळगावात आम्ही पाच जण जमून फाशांवर साहसाचा खेळ खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र, त्याचा एक कागद. पात्र मेलं की कागद बाद. आमच्यातले जुने खेळाडू असलेले भाऊ भडगावहून एसटीने येतात आणि दाराजवळचीच खुर्ची धरतात. नवखा कुणी तलवार उपसायला लागला, की पेन्सिल कानामागे खोचून एकच विचारतात, "बाहेर निंघानी वाट कोठे शे?"

मला वाटायचं, माणूस भित्रा असावा.

मी नवीनच होतो. गेल्या महिन्यात त्यांचं न ऐकता मी माझा योद्धा गुहेत घुसवला आणि आतला राक्षस जागा झाला. भाऊंचा म्हातारा जादूगार गुहेच्या तोंडाशीच होता. एक पाऊल मागे घेतलं असतं तर वाचला असता. त्यांनी त्याला आत नेऊन राक्षसासमोर उभं केलं. मी निसटलो, जादूगार मेला. दोन वर्षं जपलेला कागद त्यांनी नीट घडी घालून खिशात ठेवला.

"भाऊ, तुम्हाला तर वाट मोकळी होती," मी म्हणालो.

"ती वाट तुमनाकरता देखी ठेवेल व्हती," ते म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद मागितला.