गोजराबाईंची शिकवण

कासार आंबोलीत कुठल्या बहिणीने भावाकडे जमिनीचा वाटा मागितला, की गोजराबाई तिच्या दारावरून जाताना तोंड फिरवत. स्वतः त्यांनी तिन्ही भावांना हसत हसत हक्कसोड लिहून दिली होती आणि वर अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. लेक शारदा तेव्हा आठ वर्षांची. तिला जवळ घेऊन त्यांनी बजावलं, "भावाच्या मातीला हात लावला की म्हायेर संपलं. त्येच्या लेकराबाळांना तळतळाट लागतो." पोरीने ते इतकं मनावर घेतलं, की भाऊबीजेची ओवाळणीसुद्धा ती हळूच भावाच्या, राजूच्या खिशात परत ठेवायची. गोजराबाईंना त्याचं केवढं कौतुक!

२००७ साली राजूने राहत्या घरासकट सगळी जमीन पुण्याच्या एका बंगलेवाल्याला विकायची ठरवली. वडील कोंडिबा जाऊन दोन वर्षं झाली होती. आईचा अंगठा त्याने कुलमुखत्यारपत्रावर आधीच घेऊन ठेवला होता. त्यात काय लिहिलंय, हे माउलीने विचारलंसुद्धा नाही. पोटच्या पोराला काय विचारायचं? मग एका सकाळी अंगणात चुन्याच्या रेघा पडल्या. एक तुळशीवरून गेली, एक थेट चुलीपर्यंत. राजूने पिरंगुटला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला.

"आन मी?" गोजराबाईंनी विचारलं.

सून खाली मान घालून भांडी बांधत राहिली. राजू म्हणाला, "तुजं बगू कायतरी."

त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना.

आता फक्त शारदाची सही राहिली होती. ती अडून बसली तर घर वाचणार होतं. सहीच्या दिवशी शारदा सात वर्षांच्या सृष्टीला घेऊन आली, तशी गोजराबाईंनी तिला गोठ्यात ओढलं.

"शारदे, सही करू नगं. माजं छप्पर जातंय."

शारदा पांढरीफटक पडली. "आये, ह्ये तू बोलतीयास? राजूच्या पोरांना काय झालं म्हंजी?"

"काय हुत न्हाई गं. मी येडी, कायबाय बोलून गेले."

शारदाने आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. अंगात ताप नव्हता. मग ती घाबरीघुबरी होऊन देव्हाऱ्यातला अंगारा घेऊन आली, आईला लावला आणि पौडच्या कचेरीत सही करायला जीपमध्ये बसली.

दुपारी ती परतली ती मोकळ्या चेहऱ्याने. गोजराबाई उंबऱ्यावरच बसून होत्या.

"मला न्हेशील तुज्याकडं?"

शारदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "न्हेलं असतं गं. पर लेकीच्या घरचं खाल्लं तर तुला पाप लागंल. मी कशी लागू दीन?"

तिच्या मनात खोट असती, तर गोजराबाई कडाकडा भांडल्या असत्या. पण पोर मायेनेच बोलत होती.

सृष्टीने आईचा पदर ओढला. "आजी कुटं ऱ्हानार?"

"मामा बगंल," शारदा म्हणाली. "मामाला आसं इचारायचं नसतं, बाळा."

सृष्टीने शहाण्यासारखी मान डोलावली.