साहेबांचा चढलेला आवाज
जंतुनाशक कार्बोलिकचा वास आला की ठाण्याच्या इस्पितळातली ती दुपार अजून अंगावर येते. मी तिथे नर्स होते. कळव्याच्या मिठागरावरच्या एका बाईचा चिरडलेला पाय कापायचं काम चाललं होतं. ती जराशी हलली, तसे डॉक्टरसाहेब कंपाउंडरवर खेकसले. घाबरून त्याने तिच्या नाकावरच्या रुमालावर भुलीचा क्लोरोफॉर्म जास्त ओतला आणि तिचा श्वासच थांबला. "गाढवा, मारलीस तिला!" साहेब गरजले. त्यांचे हात वाहत्या शिरेवर अडकलेले, आणि कंपाउंडर जागीच थिजलेला. "साहेब, ओरडू नका," माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही ओरडलात की त्याचे हात चालत नाहीत." नोकरी गेली, असंच मी गृहीत धरलं. साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग हळू आवाजात त्याला म्हणाले, "अरे, रुमाल काढ. तिची जीभ पुढे ओढ. मी आहे." त्याने जीभ ओढली, मी छाती दाबत राहिले, आणि बऱ्याच वेळाने घरघरत तिचा श्वास परतला. हात धुताना साहेब म्हणाले, "बाई, माझा आवाज चढला की सांगत जा." पुढे ते पुष्कळदा सांगावं लागलं. आता माझं वय झालंय. पण सांगितलं की साहेब दर वेळी आवाज उतरवत; म्हणून दुसरीकडे नोकरी बघावी, असं मला तिथे असताना कधी वाटलं नाही.