हळदीतला सत्कार

समस्त उमेळेकरांना, आलेल्या पाहुण्यांना आणि गेटबाहेर थांबलेल्या रिक्षावाल्यांना कळवण्यात येते की, एका बेवड्याने दारू सोडली आहे. कृपया सर्वांनी शांतता राखावी.

शब्द मी थोडे नटवलेत. पण शेठ आपल्या पुतण्याच्या हळदीत माइकवर जवळपास हेच बोलले.

मी तेव्हा शिडीवर होतो, मांडवाला माळा बांधत. “उतर रे बेवड्या, सत्कार आहे तुझा.” उतरलो. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. आमच्या घरात अंगावर मानाने काही पडलं तर ती चादर, आणि तीही मेल्यावर. मला जिवंतपणी शाल मिळाली. नारळही मिळाला. टाळ्या झाल्या.

मग शेठ म्हणाले, “वेड्यांच्या डॉक्टरकडनं पक्का होऊन आलाय. बघू या, किती पक्का ते.” आणि भरलेला ग्लास माझ्या ओठांना लावला.

शेठकडे वाडी होती तेव्हा आम्ही त्यांच्या वाडीत राबलो. वाडी जाऊन टॉवर आले, तरी आम्ही त्यांचेच. माझी कामं दोन. मांडव बांधायचा आणि हळदीत पिऊन नाचायचं. डोक्यावर कळशी, कमरेला कुणाची तरी ओढणी. ते वरून बाटली ओतायचे, मी खाली तोंड उघडून उभा. एकदा ओकलो आणि त्यातच झोपलो. त्याचं शूटिंग त्यांनी मोबाइलवर फिरवलं. ते माझ्या मुलीच्या वर्गात पोचलं. हसा, मीही हसलो होतो. मुलगी शाळेत जायची बंद झाली.

मग सरकारी दवाखाना. गोळ्या, थरथर, भिंतीवर नसलेल्या मुंग्या. आता दर गुरुवारी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही सोडलेले लोक जमतो. तिथल्या समुपदेशक ताई आमच्याकडून नाटक करून घेतात. एकाने पाण्याचा ग्लास पुढे करायचा, दुसऱ्याने ‘नाही’ म्हणायचं. तेवढंच. “कारण दिलंत की ते कारण खोडून काढतात,” ताई सांगतात. यात मी कायम नापास. ‘नाही हो, लिव्हर गेलंय, बायको मारते, आज चतुर्थी आहे,’ असा माझा प्रवेश रंगायचा. सगळे लोळायचे. ताई हसायच्या नाहीत.

तर ग्लास ओठांवर. वास नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं. हेही खरं आहे, लिहून ठेवतो. मागून कुणीतरी माझं डोकं दाबून धरलं. दारू हनुवटीवरून शालीत उतरली.

“एक घोट. घरचं कार्य आहे.”

टाळ्या घेतील अशी ढीगभर कारणं जिभेवर आली. मी हाताने ग्लास बाजूला केला.

“नाही.”

“का रे?”

“नाही.”

“कुणाच्या मांडवात उभा आहेस?”

“नाही.”

माइक चालूच होता. तिन्ही वेळा सगळ्या स्पीकरांतून ऐकू गेलं.

ओली शाल काढली, घडी केली, शेठच्या खुर्चीवर ठेवली. वर नारळ. आणि पुन्हा शिडी चढलो, माळ अर्धी राहिली होती. मांडव बांधीन, मजुरी घेईन. काम काढून घेतलंत तर दुसरीकडे खांब रोवीन. पिणार नाही. नाचणार नाही. का, ते सांगणार नाही.

तेवढ्यात खाली शेठची म्हातारी आई, नातवाच्या हळदीची वाटी हातात धरून, अगदी मनापासून हळहळली:

“मंग आता नाचनार कोन?”