कोर्टाच्या आवारातला चहा

मंगळवार. गुडगावच्या कोर्टात तारीख होती. सकाळी आधी मानेसरला जाऊन साक्षीदाराला, राकेशला, घेतलं आणि त्याच्यासोबत कोर्टात पोचलो. सूर्य दिसतच नव्हता... नुसता धूर.

खरं तर हे काम सुजाताचं, माझ्या बायकोचं. कामगारांच्या केसेस लढणाऱ्या एका छोट्या गटात ती होती. दोन वकील आणि बाकी तिच्यासारखी साधी माणसं. त्यांचा एक नियम होता. साक्षीदार कोर्टात एकटा येणार नाही. घरून न्यायचं, दिवसभर शेजारी बसायचं, घरी सोडायचं. बस्स.

श्रावणात ती गेली. गटात माणसं कमी आहेत, म्हणून या वेळी मी येतो म्हणालो. शेजारी बसायचं एवढंच तर काम... ते मला जमेल असं वाटलं.

केस फूलमतीची आहे. तिचा मुलगा मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. हात आत गेला की मशीन आपोआप थांबवणारा सेन्सर असतो. काम वेगानं व्हावं म्हणून तो बंद ठेवला होता. मुलगा गेला. कंपनी म्हणते, सेन्सर त्यानंच बंद केला. शेजारच्या मशीनवर राकेश होता. सेन्सर कोणाच्या सांगण्यावरून बंद झाला, ते ऐकणारा आता तो एकटाच उरलाय. बाकीचे गावी गेले, किंवा विसरले.

येताना राकेश पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसला होता. घाबरलेला होता, पण बोलत होता. "अंकल, दीदी तो गाड़ी उड़ाती थीं. आप तो बारात के पीछे चल रहे हो." खूप दिवसांनी मला हसू आलं.

कोर्टात नंबर लागायला वेळ होता. फूलमती आणि राकेश बाकावर बसले. मी जरा बाजूला उभा राहून पुण्याला मेव्हणीशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तर शेजारी एक गृहस्थ. स्वेटर, चष्मा, माझ्याच वयाचे. "मराठी का तुम्ही? मी मूळचा नाशिकचा."

दिल्लीत राहणाऱ्यांना हे कळेल. बाहेर दिवसभर हिंदीच चालते. घरात मराठी बोलायला एकच माणूस होतं, तेही आता नाही. या गृहस्थांनी विचारलं, कोणासाठी आलात... मी सुजाताचं सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे. काय झालं होतं वहिनींना?" आणि मी सांगत गेलो. हॉस्पिटल, शेवटचे दिवस, सगळं. फोनवर सुद्धा कोणाला इतकं सांगितलं नव्हतं.

त्यांनी टपरीवरून चहा आणला. मी घेतला. नाही कसं म्हणायचं, हे आपल्याला शिकवलेलंच नसतं.

दोन घोट झाले असतील. समोर पाहिलं तर राकेश बाकावरून माझ्याकडे बघत होता. बघता बघता त्यानं मान फिरवली.

फूलमती उठून आली. माझ्या हातातला कप तिनं अलगद काढून घेतला आणि चहा झाडाच्या मुळाशी ओतला. खालच्या आवाजात म्हणाली, "भाईसाहब, ये कंपनी के आदमी हैं. तारीख के दिन इनकी चाय नहीं पीते."

ते गृहस्थ रागावले नाहीत. हसले. "वहिनीपण कधी घ्यायच्या नाहीत हो. थर्मास आणायच्या घरून."

तो थर्मास मला माहीत होता. तारखेच्या दिवशी सुजाता चार-पाच जणांचा चहा भरून न्यायची. मला वाटायचं, बाहेरचा चहा हिला चालत नाही, पोट बिघडतं. साक्षीदाराशी कोर्टाबाहेरची तडजोड चहानंच सुरू होते, हे तिनं कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

फूलमती राकेशला समजावत होती. "नए हैं, किसी ने बताया नहीं इनको."

दुपारी पुकारा झाला. सेन्सर बंद होता का? हो, बंद होता. कोणी बंद करायला सांगितलं? राकेशनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "याद नहीं."

कोर्टाची वेळ संपत आली होती. आमच्या बाजूनं केस चालवणाऱ्या सरकारी वकिलांनी उरलेली साक्ष पुढच्या वेळी घ्यावी अशी विनंती केली. पुढची तारीख पडली.

बाहेर येताना माझ्या खांद्यावरची निसटलेली शाल फूलमतीनं नीट केली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

परत जाताना राकेश मागच्या सीटवर बसला. मानेसरला तो उतरताना मी विचारलं, पुढच्या तारखेला न्यायला येऊ ना? "देखते हैं," म्हणाला आणि गल्लीत गेला.

कायद्याचं राज्य वगैरे शब्द मी पेपरात वाचत आलो. ते मोठ्या कोर्टात, मोठ्या माणसांच्या हातात असतं असं वाटायचं. असेलही. पण आज ते मला त्या बाकावर दिसलं... एक घाबरलेला मुलगा आणि त्याच्या शेजारची रिकामी जागा. ती जागा सुजाता किती वर्षं धरून बसली होती. मी ती एका कपासाठी सोडली.

फूलमतीचे आभार मानायचे राहिले. तो कप तिनं काढून घेतला नसता तर मी तो चहा संपवला असता. पुढच्या तारखेला मी मानेसरला जाणार आहे. राकेश खाली आला नाही, तरी गल्लीच्या तोंडाशी थांबणार आहे.

घरी आल्यावर स्टूल घेऊन माळ्यावरून थर्मास काढला. झाकणाला अजून आल्याचा वास होता. गरम पाण्यानं आतून खळखळून घेतला आणि ओट्यावर पालथा घातला.